पाव्हण्याचं शेवटचं पान

आक्का, परवा तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला माझी जी फजिती झाली ती मीच तुम्हाला सांगते. दुसऱ्या कुणी सांगितली तर तिखटमीठ लावून सांगेल. भंतेजींचं सगळं नीट पार पडलं. तुमच्याबरोबर शिकवणाऱ्या दोन बाई बोलल्या, तुमचा भाऊ चार वाक्यं बोलून खाली बसला. मग माइक धरलेल्या गृहस्थांनी सांगितलं, आता बाईंच्या भावजय विमलताई बोलतील, पस्तीस वर्षं एका घरात राहिल्यात, त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार. आधी बाईंचं पूर्ण नाव घ्यायचं आणि मग आठवण सांगायची, असा तिथला क्रम होता. मी उठले, पदर सावरला, माइक हातात घेतला आणि उभी राहिले. उभीच राहिले. शेवटी आमच्या लेकीनं, प्रज्ञानं, येऊन मला दंडाला धरून खाली बसवलं.

लोकांना वाटलं, कंठ दाटून आला. दाटला होताच. पण हिच्या तोंडाला कुलूप नाही असं तुम्हीच चार जणांत सांगायचात, आणि अशी बाई नुसत्या रडण्यानं गप्प होत नाही. कारण वेगळं होतं. तुम्ही जाण्याच्या तीन आठवडे आधी मी तुम्हाला पाव्हण्याच्या नव्या कादंबरीचं शेवटचं पान वाचून दाखवलं, ते खोटं होतं. छापलेलं एक होतं आणि मी वाचलं दुसरंच. त्या खोट्यापायी तुम्ही चाळीस वर्षं वाचलेल्या आपल्या लेखकावर रुसून गेलात, असं माइक धरला तेव्हा मी समजत होते. हे मी माइकवर कसं सांगणार होते? म्हणून इथे लिहिते आहे.

पाव्हणा म्हणजे कोण हे आपल्या घराबाहेर कुणाला कळायचं नाही. ते परभणीकडचे. त्यांचं खरं नाव आपण पुस्तकाच्या पाठीवर वाचलं आणि तिथंच ठेवलं. दोन-तीन वर्षांतून एकदा औरंगाबादच्या दुकानातून त्यांचं पुस्तक पोस्टानं यायचं, आणि ते आलं की चार दिवस घराची घडी विस्कटायची. वरणाला फोडणी राहायची, तुमचा भाऊ दोनदा चहा मागून स्वतः करून घ्यायचा. म्हणून त्यांनीच एकदा वैतागून म्हटलं होतं, आला का तुमचा पाव्हणा? तेव्हापासून तेच नाव पडलं.

मी लग्न होऊन हैदराबादला, चिक्कडपल्लीच्या या घरात आले तेव्हा सातवी पास होते. वाचायचं म्हणजे वाण्याच्या पुडीचा कागद, तोही पुडी रिकामी झाल्यावर. पहिल्याच आठवड्यात माझी भाकरी तव्याला चिकटली आणि मी चुलीपाशी रडत बसले. तुम्ही शाळेतून आलात, चप्पल काढली, आणि पिशवीतून पाव्हण्याची कादंबरी काढून माझ्या मांडीवर टाकलीत. म्हणालात, भाकरी मी बघते, तू मला हे पहिलं पान वाचून दाखव. मी अडखळत वाचलं. त्या पानावर एक सासुरवाशीण विहिरीत घागर सोडते आणि सासूच्या नावानं विहिरीला शिव्या देते. मला हसू आवरेना. तुम्ही भाकरी थापत थापत म्हणालात, बघ, पुस्तकातपण तुझ्यासारखी माणसं असतात. मला तोवर हे कुणी सांगितलंच नव्हतं.

नंतर आपला रिवाज ठरला. पुस्तक एक, खुणा दोन. तुमची खूण म्हणजे साडीच्या काठाचा लाल दोरा, माझी खूण म्हणजे जामबागच्या बसचं तिकीट. शाळेला जाताना तुम्ही वाचायचात, दुपारी मी वाचायची. जी पुढे गेली तिनं तोंड उघडायचं नाही, आणि शेवटचं प्रकरण कुणीही एकटीनं वाचायचं नाही. ते रविवारी दुपारी, बाल्कनीत, तुमच्या आवाजात. मी लसूण सोलत ऐकायची. तुमचा तो वर्गातला आवाज, मागच्या बाकापर्यंत जाणारा. खालच्या मजल्यावरच्या सत्यवतम्मा कपडे वाळत घालता घालता थांबायच्या. मराठीचं अक्षर कळत नसताना त्या एकदा डोळे पुसून गेल्या होत्या. वाचून झालं की तुम्ही पुस्तक मिटून त्यावर पंजा ठेवायचात. मग आपलं भांडण सुरू.

आणि भांडायचो तरी किती, आक्का. पाव्हण्याच्या चौथ्या कादंबरीतली ती थोरली सून घर सोडून गेली ते बरोबर की चूक, यावर आपण दोघी तीन दिवस बोलत नव्हतो. तुम्ही म्हणायचात बरोबर, मी म्हणायची पोरांना टाकून कशी जाते. तुमचा भाऊ मध्ये पडला तर आपण दोघींनी मिळून त्यालाच गप्प केलं. ते भांडण अजून मिटलेलं नाही. प्रज्ञा मोठी झाल्यावर मला तुमचं थोडं पटायला लागलं होतं, पण मी ते कबूल केलं नाही. आता करते.

नवी कादंबरी जूनमध्ये आली. पाकिटावर दुकानदारानं आंध्र प्रदेश लिहिलं होतं, आणि ती दारात पोचली तेव्हा आपण तेलंगणात होतो. रस्त्यावर पाट्या रंगवणं चाललं होतं, गाड्यांचे नंबर बदलायचे की नाही यावर जो तो बोलत होता. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यानं तुम्हाला विचारलं, "अम्मा, तुम किधरवाले जी? आंध्रा के या तेलंगाना के?" तुम्ही काठी टेकत म्हणालात, "हम छप्पन से इधरीच हैं. पूछे तुम आज पहली बार." आणि भेंडी न घेताच घरी आलात.

तोवर साखरेनं तुमचे डोळे नेले होते. अक्षरं मुंग्यांसारखी पळतात म्हणायचात. पाकीट मी फोडलं, तुम्ही पुस्तक हातात घेऊन वास घेतला, पानं मोजल्यासारखी अंगठ्यानं सोडलीत आणि मला परत दिलंत. यंदा तू वाच, मी ऐकते, म्हणालात. मी विचारलं, आणि शेवटचं प्रकरण? तेपण तूच, म्हणालात, आणि लगेच प्रज्ञाला हाक मारून चहात साखर का नाही म्हणून तिच्यावर ओरडलात. मला कळलं होतं. लाल दोरा मी तरीही पुस्तकात घातला. माझ्या तिकिटाच्याच पानात तो रोज सरकवत गेले.

'बिननावाची गल्ली'. नावावरून वाटलं, नेहमीसारखं गाव असेल, वाकड्या तोंडाची आणि सरळ मनाची माणसं असतील. पहिल्या दहा पानांतच कळलं की हा पाव्हणा वेगळाच आहे. पुढच्या काळातलं एक शहर. तिथल्या सरकारचं म्हणणं असं, की दुःखानं माणसं कामाला हळू होतात. म्हणून कुणी मेलं की नवव्या दिवशी कचेरीचा कारकून येतो, त्या माणसाच्या वस्तू आणि फोटो घेऊन जातो, यादीतलं नाव खोडतो. त्यानंतर ते नाव कुणी उच्चारलं तर सगळ्या गल्लीचं पाणी बंद. त्या गल्लीत एक म्हातारी मास्तरीण असते, गोदाबाई. ती रोज सकाळी सुपात तांदूळ निवडताना मनातल्या मनात हजेरी घेते. खोडलेली सगळी नावं, एकेक करून. आयांना आपली मेलेली पोरं आठवेनाशी झाली की त्या तिच्या दारात येऊन नुसत्या बसतात. ती त्यांच्या तळहातावर बोटानं नाव लिहून देते.

मला ते वाचवेना. आठव्या प्रकरणाला मी पुस्तक आपटलं आणि म्हटलं, पाव्हण्याचं डोकं फिरलंय. असं कुठं असतं का? नावावर बंदी कशी घालील कुणी? आणि घातली तर माणसं ऐकतील होय? कुणीतरी ओरडेलच की.

तुम्ही पलंगावर पाय पसरून बसला होतात. म्हणालात, "विमल, तू ओरडशील. बाकीचे नाही ओरडायचे. मी बघितलंय."

आणि मग तुम्ही मला छप्पनची गोष्ट सांगितलीत. पस्तीस वर्षांत कधी सांगितली नव्हती. तुमचे वडील, अण्णा, एका कचेरीत दफ्तरी होते, फायली बांधायचे. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे होते, आणि कचेरीतल्या माणसांचेही. कोण मुंबई राज्याकडे जाणार आणि कोण इथं राहणार, याची यादी अंगणात उभं करून वाचली. तुम्ही दहा वर्षांच्या, अण्णांचा डबा घेऊन गेला होतात. अण्णांचे जिवलग माणिककाका, त्यांची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून इथंच राहतो असा अर्ज त्यांनी दिला होता, आणि तो अण्णांनीच त्यांना लिहून दिला होता. त्यांचं नाव जाणाऱ्यांत निघालं. माणिककाका म्हणाले, साहेब, चूक झाली असेल, या सगळ्यांना माहीत आहे. आणि त्यांनी मागं वळून बघितलं.

"चाळीस माणसं होती," तुम्ही म्हणालात. "सगळी आपापल्या चपलांकडं बघायली. अण्णापण. साहेबानं पुढचं नाव घेतलं."

अण्णा मरेपर्यंत माणिककाकांचं नाव घेत नसत, हेही तुम्ही सांगितलंत. कुणी बंदी घातली नव्हती. मी पुस्तक उचलून पुन्हा वाचायला लागले, पण त्या दिवशी माझं लक्ष वाचण्यात नव्हतं.

ऑगस्टमध्ये नव्या सरकारची घरोघरची पाहणी झाली तो दिवस आठवतो ना? सगळ्यांनी घरी थांबायचं, दुकानं बंद, रस्ता ओस. एक तरुण मास्तर कागद घेऊन आला. तुमचा भाऊ न्हाणीत. मास्तरनं घरातल्यांची नावं विचारली, मी रेशन कार्ड पुढे केलं. तो म्हणाला, नको अम्मा, तुम्ही तोंडानं सांगा. माझं सांगितलं, प्रज्ञाचं सांगितलं. यांच्या नावाला नेहमीसारखी अडखळले, प्रज्ञानं सांगून टाकलं. मग तुमची पाळी आली. मी म्हटलं, आमच्या आक्का. तो म्हणाला, आक्का समजलं, नाव? मी कार्डावर बोट ठेवलं. मोठ्या नणंदेचं नाव तोंडातून काढायचं नाही, हे आईनं मला लग्नाच्या आदल्या दिवशी बजावलं होतं, आणि माझ्या जिभेनं ते धरून ठेवलं होतं. तुम्हाला हा प्रकार मुळीच आवडायचा नाही. पोरींना पाढे शिकवून तुमची हयात गेली, आणि घरात भावजय नाव घेत नाही. आल्या आल्या पहिल्या वर्षीच तुम्ही म्हणाला होतात, नावं ठेवतेस तेवढी ठेव, पण एकदा नाव घे माझं. मी हसण्यावारी नेलं होतं.

आतल्या खोलीतून तुमचा आवाज आला, मागच्या बाकापर्यंत जाणारा. तुम्ही पूर्ण नाव सांगितलंत, वडिलांच्या नावासकट. मास्तर चमकून उभा राहिला. तो गेल्यावर तुम्ही मला जवळ बोलावलंत.

"एवढी बोलणारी बाई तू," म्हणालात, "अन् माझ्या नावापाशी येऊन मुकी व्हायलीस. मी गेल्यावर काय करशील? त्या पुस्तकातल्या कारकुनाला माझं नाव खोडायचीसुद्धा गरज नाही, तू आधीच घेत नाहीस."

आपण दोघीही हसलो. मी चहा ठेवायला उठले.

नंतर तुम्ही झपाट्यानं उतरत गेलात. डॉक्टरांनी तुमच्या भावाला बाजूला घेऊन जे सांगितलं ते त्यांनी मला जिन्यात सांगितलं. घरात कुणी काही बोललं नाही, तुम्ही विचारलंही नाही. फक्त एकदा म्हणालात, पुस्तक उरकून टाक, उगीच राहायला नको. मी रोज दोन-दोन पानं वाचत होते, मुद्दाम. दुधात पाणी घालावं तसं ते पुस्तक मी पुरवत होते. दिलसुखनगरला प्रज्ञासाठी कपडे बघायला गेले तेव्हाही ते पिशवीत घेऊन गेले, तुम्ही दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्याल म्हणून. दुसरं कोण वाचणार होतं? तुमची भाची मराठी बाईंची भाची असून एकेक अक्षर जुळवत वाचते. "आक्काआत्या, मी ऑडिओ बुक बघू का?" असं तिनं विचारलं तेव्हा तुम्ही कपाळाला हात लावला होतात. मग आपण दोघींनीच हिला बिघडवलं म्हणून मलाही बोललात.

शेवटचं प्रकरण आलं. रविवारच्या आधी, गुरुवारी सकाळी, मी रिवाज मोडला. स्वयंपाकघराचं दार लोटून एकटीनं ते वाचलं. मला आधी माहीत असायला हवं होतं की त्यात काय आहे.

गोदाबाई मरते. नवव्या दिवशी कारकून येतो. गल्ली रांगेत उभी. तो यादी वाचतो, एकेक माणूस हजर म्हणतो. गोदाबाईच्या ओळीशी तो थांबतो. पेन काढतो. जिनं सगळ्यांची मेलेली माणसं मनात सांभाळली, तिचं नाव आता खोडलं जाणार, आणि ते मनात ठेवणारं मागं कुणी नाही. गल्ली खाली बघते. पाव्हण्यानं शेवटचं वाक्य असं लिहिलं आहे, की कारकुनानं पुढचं नाव घेतलं आणि तो माणूस हजर होता. तिथं पुस्तक संपतं.

कणीक तशीच ठेवून मी भिंतीला टेकून बसले. चौतीस वर्षं वर्गात हजेरी घेतलेल्या बाईला, जिला मूल नाही, जिचे दिवस भरत आले आहेत, तिला मी हे कसं वाचून दाखवू? मला पाव्हण्याचा इतका राग आला की तो समोर असता तर लाटणं फेकलं असतं.

रविवारी तुम्हाला उशा लावून बाल्कनीत बसवलं. तुम्ही म्हणालात, लसूण कुठंय? मी लसणाची टोपली आणून तुमच्या मांडीवर ठेवली. तुमची बोटं सोलत होती, निम्म्या साली तशाच राहत होत्या. मी वाचायला लागले. कारकून पेन काढतो तिथवर छापलेलं वाचलं, आणि मग माझं सुरू केलं. एक लहान मुलगी मोठ्यानं म्हणते, गोदाबाई. मग कोपऱ्यावरचा शिंपी म्हणतो. मग आया म्हणतात. सगळी गल्ली एका आवाजात नाव घेते, आणि कारकुनाच्या हातातलं पेन गळून पडतं. मला स्वतःलाच भरून आलं. मी पुस्तक मिटलं आणि तुमच्यासारखा त्यावर पंजा ठेवला.

तुम्ही लसणाची टोपली बाजूला केलीत. मग म्हणालात, "बरीच लांब पानं छापलीत यंदा."

मला वाटलं, दमलात. मी म्हटलं, हौ आक्का, शेवट मोठा आहे.

"खोटा आहे," तुम्ही म्हणालात. "असं होत नाही. पाव्हणा भ्यायला."

मी भांडले. आधी गल्ली ओरडेल म्हणणारी मीच होते, त्यामुळे मला भांडणं सोपं गेलं. म्हटलं, छप्पन साली झालं नाही म्हणून कधीच होणार नाही का? एखादी पोरगी बोलू शकत नाही? तुम्ही मान हलवत राहिलात. या माणसानं चाळीस वर्षांत मला एकदाही फसवलं नव्हतं, म्हणालात, म्हातारपणी का फसवावं? तुमचा तो चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तुम्ही चिडला असतात तर मला चाललं असतं. तुम्ही दुखावला होतात. आणि खरं तर तुमचं आणि पाव्हण्याचं एकमत होतं, आक्का. त्यानं तेच लिहिलं होतं जे तुम्ही दहाव्या वर्षी डबा हातात घेऊन बघितलं. तुमच्या दोघांच्या मध्ये मी आडवी आले.

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला वही-पेन घेऊन बसवलंत, म्हणालात, पाव्हण्याला पत्र लिहायचंय. मायना राहू दे, नंतर घालू. तुम्ही सांगत गेलात, मी खाली मान घालून लिहीत गेले. शेवटी सही तुम्ही स्वतः केलीत, ओळ सोडून, वर चढत जाणारी. टाकून ये म्हणालात. मी खाली जाऊन पेटीपर्यंत चालले आणि परत येऊन ते पुस्तकात लपवलं. टाकलं म्हणून सांगितलं. हे माझं दुसरं खोटं.

त्यानंतर तुम्ही पुस्तकाचं नाव काढलं नाहीत, लाल दोऱ्याचंही नाही. तीन आठवड्यांनी सकाळी मी चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड करून होतात. मी म्हटलं, आक्का, आज साखर घातलीये थोडी, उठा. कप बराच वेळ माझ्या हातात होता.

मग परवाचा तो माइक. क्रम साधा होता, आधी नाव. समोर खुर्च्यांवर माणसं, माझ्याकडे बघत असलेली. आणि माझ्या तोंडून तुमचं नाव निघेना. मला पाव्हण्याची गल्ली दिसत होती, सगळी खाली बघणारी, आणि त्यात मी. तुमच्यापुढे मोठ्या तावातावानं मी पोरगीला बोलायला लावलं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी चपलांकडे बघत उभी राहिले.

आज दुपारी तुमचं कपाट आवरायला घेतलं. आवरलं नाही, नुसतं उघडून बसले. पुस्तकातून पत्र काढलं. त्या दिवशी लिहिताना मला ते नीट कळलंच नव्हतं, शरमेनं हात चालत होता एवढंच. आज पहिल्यांदा वाचलं. तुम्ही सांगितलं होतंत:

'पुस्तक ऐकलं. शेवट सोडून सगळं आवडलं. शेवटाला तुझा हात कचरला. मी चौतीस वर्षं मुलांना शिकवलं, अवघड धडा आला म्हणून कधी पान सोडून पुढे गेले नाही. मला झेपणार नाही असं तुला का वाटलं? जे होतं ते सांगायचं होतंस, मी ऐकलं असतं. माया कळते. राग नाही. पण पुन्हा असं करू नये.'

आक्का, घरात पाव्हणा आला-गेला म्हणणं वेगळं, पण तोंडावर तुम्ही परक्या माणसाला कधी अरेतुरे केलं नाहीत. एवढ्या मोठ्या माणसाला पत्रात 'तुझा हात' कोण लिहील? आणि मायना का ठेवला होतात रिकामा? बरीच लांब पानं छापलीत म्हणालात तेव्हा तुम्ही ऐकत होतात, की ही बाई कधीची वाचते आहे आणि पान काही उलटत नाही. न बघता पाठ म्हणणाऱ्या पोरी तुम्ही वर्गात पाठमोऱ्या उभ्या राहून पकडायचात. मला पकडणं तुम्हाला काय जड होतं. पत्र टाकून ये म्हणालात तेव्हा मी पेटीपाशी घुटमळून परत येणार, हेही तुम्हाला माहीत असणार. म्हणजे तुम्ही पाव्हण्यावर रुसून गेला नाहीत. त्याचा मला किती आनंद झाला ते सांगता येत नाही. माझ्यावर रुसून गेलात की नाही, ते पत्रात लिहिलं आहे, आणि तरी मी ते वाक्य दहादा वाचलं.

पाव्हण्याला मी वेगळं पत्र लिहीन. सांगेन की त्यांची एक वाचक होती, तिनं त्यांचा खरा शेवट न ऐकताच ओळखला.

आज रविवार आहे. चार वाजता बाल्कनीत बसले. लसूण घेतला नाही. पुस्तक उघडलं, लाल दोरा बाजूला केला, आणि शेवटचं पान जसं छापलं आहे तसं मोठ्यानं वाचलं. एकही शब्द सोडला नाही. माझा आवाज तुमच्यासारखा नाही, मध्ये दोनदा फाटला. कारकून थांबला, गल्लीनं खाली बघितलं, त्यानं पुढचं नाव घेतलं, आणि तो माणूस हजर होता. पाव्हण्यानं खरं लिहिलं आहे, आक्का. माणसं अशीच असतात. परवा मीच होते.

पुस्तक मिटून त्यावर पंजा ठेवला. आणि मग तुमची ती वर चढत जाणारी सही समोर धरून, पस्तीस वर्षांत पहिल्यांदा, वाचली.

"कौसल्या लक्ष्मण वाघमारे."

खाली सत्यवतम्मा दोरीवरचे कपडे काढत होत्या. त्यांनी वर बघून विचारलं, "एवरम्मा?" म्हणजे, कोण गं?

मी पुन्हा सांगितलं, या वेळी मागच्या बाकापर्यंत जाईल असं.